उमेदवार उपलब्ध नाही

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. पदव्युत्तर प्रवेश आणि शिष्यवृत्ती ही दोन्ही टेबलं माझ्याच गळ्यात. जून लागला की घरी सांगून ठेवते, सप्टेंबरपर्यंत मला लग्नकार्याचं काही विचारू नका. गेल्या ऑगस्टमधली एक केस मात्र सीझन संपून गेला तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

बाहेरच्या माणसाला वाटतं आरक्षण म्हणजे टक्के. टक्के सरकार ठरवतं. जागा ठरते गोळाबेरजेत, आणि ती बेरीज माझ्यासारखी बाई कॅल्क्युलेटर घेऊन करते. आमच्या एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला 24 जागा. 24 का, तर प्रयोगशाळेत टेबलं तेवढीच. अनुसूचित जाती 13 टक्के, होतात 3.12, म्हणून 3 जागा. अनुसूचित जमाती 7 टक्के, 1.68, म्हणून 2. विमुक्त जाती (अ) 3 टक्के, 0.72, अर्ध्याच्या वर गेलं, एक जागा. भटक्या जमाती (ब) अडीच टक्के, 0.6, एक. (क) साडेतीन, 0.84, एक. आणि (ड) 2 टक्के, 0.48, म्हणजे शून्य. तुकडी 25 ची असती तर (ड) चा एक विद्यार्थी आत आला असता. एका टेबलाचा प्रश्न आहे. मी हे दरवर्षी विभागप्रमुखांना सांगते आणि ते दरवर्षी 'इंटरेस्टिंग' म्हणतात.

आता ही वि.जा.(अ)ची एक जागा. तिला कुणी आलं नाही तर ती तशीच रिकामी राहत नाही. आधी शेजारच्या प्रवर्गात जाते, मग बाकीच्या मागास प्रवर्गांत फिरते, आणि तिथंही कुणी नसलं की खुल्यात. प्रत्येक वळणावर मला एक तक्ता भरावा लागतो. त्यात शेरा लिहायचा रकाना आहे, पण शेरा लिहायला जागा नाही, कारण तो आधीच छापलेला असतो: 'उमेदवार उपलब्ध नाही'. मी फक्त प्रवर्ग आणि तारीख टाकते, खाली प्राचार्यांची सही घेते. उमेदवार शोधला का, कुठं शोधला, असा रकाना त्या कागदावर नाही. ही जागा याआधी किती वर्षं अशीच फिरत गेली हेही आता कळायचं नाही. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमची तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम बुडाली आणि जुन्या प्रवेशाच्या फायली लगद्याच्या भावात गेल्या.

गेल्या ऑगस्टमधल्या त्या दिवशीही पाणी चढतच होतं. 40 फूट इशारा पातळी, 45 ला धोका, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. सकाळपासून ऑफिसात येणारा प्रत्येकजण आधी 'पाणी किती झालं' विचारायचा आणि मग स्वतःचं काम. स्पॉट ॲडमिशनचा शेवटचा दिवस. पाच वाजता विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार. चोवीसपैकी तेवीस भरले होते आणि वि.जा.(अ)चा तक्ता मी सकाळीच टाईप करून ठेवला होता. फक्त सही बाकी होती.

प्रतीक्षा यादीत पहिला होता 84 टक्क्यांचा एक मुलगा. बाप मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल. एसईबीसीच्या, म्हणजे मराठा आरक्षणाच्या, 2 जागा या मुलाच्या वरच भरल्या होत्या, खुल्यातही दोन-तीन मार्कांनी राहिलेला. सकाळी साडेनऊपासून बाप-लेक कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून होते. बापाने पूर्ण फीचे पैसे रुमालात बांधून आणले होते, पतसंस्थेतून उचललेले. हे आत्ताच सांगून टाकते, कारण ही गोष्ट श्रीमंताच्या पोराने गरिबाची जागा बळकावण्याची नाही. तशी असती तर मला इतकी छळलीही नसती.

अडीच वाजता आमचे तासिका तत्त्वावरचे एक सर आत आले. ते मूळचे जतकडचे, घरात कानडी बोलणारे. त्यांच्या मागे एक मुलगी आणि तिची आई.

"मॅडम, ऑरगॅनिकची वि.जा.ची सीट आहे ना अजून?"

"आहे म्हणजे, पाचला जाणार आहे."

"ही लमाण तांड्यावरची आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, 71 टक्के."

मुलीच्या हातात चेनची प्लास्टिक फाईल होती. मी सगळे कागद बाहेर काढले आणि टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. हे काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. कागद मांडले की माणूस दिसतो. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची कानडी माध्यमाची शाळा, आपल्याच सांगली जिल्ह्यातली. पूर्व जतमध्ये अशा शाळा आहेत हे सांगलीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पुढे बारावी आणि बी.एस्सी. विजापुरात, कारण तिच्या तांड्यावरून विजापूर जवळ आणि सांगली लांब. जातीचा दाखला होता, आपल्या प्रांत कार्यालयाचा. त्याचंही श्रेय शिक्षणाला नाही. वि.जा.भ.ज.च्या दाखल्याला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तेव्हा तांड्यावर शाळेत गेलेला माणूस कुठून आणायचा? पण चुलत्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, त्याने कुठल्या तरी महसुली नोंदी खणून काढल्या, आणि त्याच्या मागोमाग सगळ्या भावकीचे दाखले निघाले. गावाकडे निवडणूक नसती तर माझ्या टेबलावरचे निम्मे दाखले जन्मालाच आले नसते.

गंमत बघा. लमाण म्हणजे बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत येतो आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. ही मुलगी शिकली कर्नाटकात, पण राहणारी महाराष्ट्रातली, म्हणून तिकडच्या सवलती नाहीत. राहणारी महाराष्ट्रातली, पण शिकली कर्नाटकात, म्हणून इकडची वि.जा.भ.ज.ची शिष्यवृत्तीही नाही. तीन वर्षांची फी आई-बापाने ऊस तोडून भरली. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला होता. दोन राज्यं ज्या भागासाठी भांडली, तिथली पोरगी मात्र दोन्हीकडच्या नियमात बाहेरची.

आमच्या यादीतही तेच झालं होतं. तिने अर्ज वेळेत भरला होता. हो, जूनमध्येच. पण पदवीचं विद्यापीठ कर्नाटकातलं म्हटल्यावर पोर्टलने तिला 'महाराष्ट्राबाहेरील' या यादीत ढकललं. त्या यादीत जात विचारतच नाहीत. म्हणजे मी सकाळी ज्या जागेपुढे 'उमेदवार उपलब्ध नाही' असा तक्ता तयार करून ठेवला, त्या जागेचा उमेदवार दोन महिने आमच्याच पोर्टलवर, दुसऱ्या यादीत पडून होता.

मग बाकीच्या भानगडी. नॉन-क्रिमी लेयर 31 मार्चलाच संपलेलं. ऊसतोड मजुराच्या पोरीने आपण सधन नाही हे पुन्हा पुन्हा सिद्ध करायचं, आणि त्यासाठी तहसील ते प्रांत अशी वारी करायची. नवीन अर्जाची पोचपावती मात्र होती. स्थलांतर प्रमाणपत्र विजापूरहून यायचं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाव. आपल्याकडे आडनाव, नाव, बापाचं नाव. तिकडच्या गुणपत्रकांवर नुसतं नाव आणि पुढे दोन इंग्रजी आद्याक्षरं, आडनाव नाहीच. आधारवर वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं. संगणकाच्या लेखी त्या तीन मुली.

मी सरांना म्हटलं, "आधी का नाही आणलंत?"

ते म्हणाले, "मला काल रात्री कळलं, मॅडम. गावाकडच्या ग्रुपवर मी सीटचा मेसेज टाकला, तिच्या मामाने फोन केला."

तासाप्रमाणे पैसे मिळणारा माणूस, ज्या तासाचे पैसे नाहीत त्या तासात आमच्यासाठी विद्यार्थी शोधत होता. प्रवेश समितीत पाच कायम प्राध्यापक आहेत. त्यांच्या बैठकीचा चहा मीच मागवते, त्यामुळे तिथं काय होतं ते मला ठाऊक आहे.

विभागप्रमुखांना बोलावलं. माणूस वाईट नाही, शिकवतातही चांगलं. पण त्यांनी कागदांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "एवढं सगळं अपुरं असताना रिस्क कशाला घ्यायची? पुढच्या वर्षी बघू. बाहेर एक 84 वाला बसलाय."

त्यातली न बोललेली बाजूही सांगते. एम.एस्सी. आमच्याकडे विनाअनुदानित. त्या तुकडीच्या फीवरच तिथल्या शिक्षकांचे पगार आणि ईथरपासून सिलिका जेलपर्यंतची खरेदी. बाहेरच्या हमालाच्या रुमालातली फी आज संध्याकाळी बँकेत जमा झाली असती. या मुलीची फी सरकारकडून येणार, ती कधी येणार हे सरकारलाही सांगता येत नाही. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घ्यायचं नाही असा आदेश आहे, तो सगळ्यांना पाठ आहे. म्हणून कुणी फीचं नाव काढत नाही. 'कागद अपुरे आहेत' म्हणतात.

मग जतवाल्या सरांनी तिला एकदम विचारलं, "ग्रिनार्ड रिॲक्शन करताना काय काळजी घेशील?"

हे विचारायचा त्यांना काही अधिकार नव्हता. प्रवेश गुणांवर आहे, तोंडी परीक्षा नाही, आणि मी तसं म्हणालेही. पण मुलगी तोपर्यंत बोलायला लागली होती. तोपर्यंत ती जेमतेम 'हो मॅडम, नाही मॅडम' एवढंच बोलली होती.

"सर, ईथर ड्राय पाहिजे. ग्लासवेअर ओव्हनमध्ये ठेवून ड्राय करायचं. वॉटर थोडं राहिलं तर अल्केन होतंय, रिएजंट गेलं."

"आणि रिॲक्शन सुरूच झाली नाही तर?"

"आयोडीनचा एक क्रिस्टल टाकायचा सर. नाहीतर थोडं वॉर्म. पण आमच्या कॉलेजमध्ये ईथर कमी होतं, मॅडमनी करून दाखवलं. मी केलं नाही."

'मी केलं नाही' हे तिने स्वतःहून सांगितलं. विभागप्रमुख काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. आमच्याकडे ते बसले म्हणजे अर्धं काम झालं.

आई इतका वेळ उभीच होती. मी तिला फीचं समजावून सांगितलं: आत्ता किती भरायचं, बाकीचं सरकार देईल, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऱ्हायचं कुठं, बाई?" मी शिष्यवृत्ती सांगितली. तिने परत विचारलं, "ते कळलं. पोरगी ऱ्हायची कुठं?" मी पोर्टल सांगितलं, हमीपत्र सांगितलं. तिसऱ्यांदाही तिचा तोच प्रश्न, आता मुलीकडे बघत, त्यांच्या बोलीत. सर म्हणाले, "मॅडम, ती फी विचारतच नाहीये."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं मुलींचं वसतिगृह जूनमध्येच भरतं, अकरावी-बारावीच्या नीटवाल्या मुलींनी, वर्षाचे पैसे एकदम देऊन. सरकारी वसतिगृहाची यादी आमचे प्रवेश संपल्यावर कधीतरी लागते. ज्यांना तिथं जागा मिळत नाही त्यांच्यासाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे, आमच्यासारख्या महापालिका हद्दीत वर्षाला 51 हजार. पण ते पैसे मागून येतात, आणि खोलीमालक भाडं आधी मागतो. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो आहे. दर 26 जूनला त्याला हार घालून आम्ही 1902 च्या जाहीरनाम्यावर भाषणं ऐकतो, संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखीव ठेवणारा राजा म्हणून. पण महाराजांनी त्याच्या आदल्या वर्षीच कोल्हापुरात बोर्डिंग काढायला सुरुवात केली होती, आणि मग एकेका समाजासाठी काढत गेले, हे भाषणात एका ओळीत उरकतात. पोरगं झोपणार कुठं, जेवणार कुठं, हे आधी. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये तेच केलं, सगळ्या जातींची मुलं एका बोर्डिंगात ठेवली. आमच्याकडे प्रवेशाची खिडकी एका मजल्यावर, वसतिगृहाची वेगळ्या इमारतीत, समाजकल्याणची गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि या तिघांच्या तारखा एकमेकांना ओळखत नाहीत.

मी रेक्टर मॅडमना फोन केला. त्या आधी नियम बोलल्या, मग वैतागल्या, मग म्हणाल्या, "दोन कॉटच्या खोलीत तिसरी टाकते. पण लेखी काही मागू नकोस." आमच्या संस्थेत चांगली कामं अशीच होतात, लेखी न मागता. मला ते आवडतही नाही आणि त्याशिवाय माझं चालतही नाही.

साडेतीन. यादीचा घोळ निस्तरायला विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन लावला, तो वाजत राहिला. ई-मेल पाठवला, त्याचं आपोआप येणारं उत्तर आलं की आपली तक्रार नोंदवली आहे. शेवटी माझ्याबरोबर टायपिंगची परीक्षा दिलेली एक मैत्रीण तिथं एका विभागात आहे, तिला फोन केला. ती जाग्यावरून उठली, संगणक कक्षात गेली, आणि वीस मिनिटांत त्या मुलीच्या नावापुढचं 'महाराष्ट्राबाहेरील' गेलं. अधिवास प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून अपलोड केलेलं होतं. कुणी उघडून पाहिलं नव्हतं, एवढंच. माझी मैत्रीण तिथं नसती तर? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही, कारण ज्याला विचारावा तो म्हणेल, होती ना.

मग मी टिपणी लिहिली. टिपणी लिहिण्यात मला आमच्या ऑफिसात तोड नाही, हे प्राचार्यही कबूल करतील. उमेदवाराने मुदतीत अर्ज केलेला आहे. जातीचा दाखला व अधिवास वैध. नॉन-क्रिमी लेयरची पोचपावती जोडली आहे. स्थलांतर प्रमाणपत्र व नावातील फरकाबाबत हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देण्यास हरकत नसावी. आणि शेवटी एक वाक्य: 'उमेदवार उपलब्ध असताना जागा रूपांतरित केल्यास त्याची जबाबदारी निश्चित करावी लागेल.' या वाक्यावर सही न करणारा प्राचार्य अजून जन्माला यायचाय. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, विभागप्रमुखांकडे पाहिलं, विभागप्रमुख म्हणाले, "द्या सर, पोरगी बरी आहे." पावणेपाचला सही झाली.

सकाळी टाईप केलेला तक्ता मी फाडला आणि बाहेर आले. हमाल उठून उभा राहिला. मी सांगितलं. तो ओरडला नाही, हेच वाईट. म्हणाला, "मॅडम, 84 टक्के हायती पोराला. आमची जात मोठी म्हनून?" मुलगा त्याच्या दंडाला धरून 'चला आबा' म्हणत होता. मी त्याला नियम सांगितला. नियम बरोबर होता. पण सकाळी साडेनऊपासून त्याला तिथं 'थांबा, होईल' म्हणून कुणी बसवलं होतं, तर आमच्याच प्रवेश समितीने. ज्या जागेचा उमेदवार अजून आलेला नाही ती जागा त्याचीच आहे असं त्याला वाटू दिलं होतं. दोघांपैकी कुणाचाही हक्क खोटा नव्हता, आणि चोवीस टेबलांच्या खोलीत त्या दोघांना आमनेसामने उभं करणारे लोक चार वाजताच नदीचं पाणी बघायला पुलावर गेले होते. मुलगा पुढे कोल्हापूरकडच्या एका महाविद्यालयात ॲनालिटिकलला गेला. बाप मार्केट यार्डाच्या रस्त्यावर दिसतो कधीकधी. ओळख दाखवत नाही.

प्रवेश झाला म्हणजे प्रकरण संपलं असं फक्त नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाईलला वाटतं. आमच्या नॅक समन्वयक आनंदाने आल्या, म्हणाल्या, या वेळी 2.1.2 मस्त दिसतोय. त्या निकषात राखीव जागांपैकी किती भरल्या ते विचारतात. भरलेल्या जागेवरची मुलगी मार्चमध्ये कुठं होती, ते त्यात येत नाही.

ऑक्टोबरात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो. आधारवर ओटीपी जातो तो बापाच्या मोबाईलवर. बाप दसरा करून, मुकादमाची उचल घेऊन, टोळीबरोबर एका कारखान्याच्या फडात गेलेला. आम्ही इकडे संगणकासमोर: मी, मुलगी आणि जतवाले सर. मुलगी फोनवर बापाला सांगतेय की आकडे वाच. बापाला ते वाचता येत नाहीत, म्हणून तो फडातून मुकादमाच्या पोराला हाका मारतोय. पोरगा आला, त्याने कानडीत वाचायला सुरुवात केली, "ऐदु, एंटु, सोन्ने…" सर ते मराठीत मला सांगतायत, मी टाकतेय, आणि शेवटच्या आकड्याला वेळ संपली. पुन्हा पाठवा. पुन्हा तेच. मग मोळी बांधायची वेळ झाली आणि बापाचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे, टोळी फडात जायच्या आधी, मुलीने वसतिगृहाच्या जिन्यात बसून एकटीने ते काम उरकलं. मला आठ वाजता मेसेज: 'मॅडम झालं'. नंतर अर्ज नावातल्या फरकासाठी परत आला. मी 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे' बोनाफाईड दिलं, तो पुन्हा पाठवला. पहिला हप्ता अजून आलेला नाही.

पहिल्या सत्रात तिचा एक विषय राहिला, क्वांटम केमिस्ट्रीचा. प्रॅक्टिकलला मात्र वर्गात वरच्या चारात आहे. विषय राहण्याचं कारण तिने सांगितलं नाही, सरांनी सांगितलं. शिकवणारे अवघड भाग आला की मुलांना सोपं जावं म्हणून मराठीत समजावतात. बाकीच्या तेवीस जणांना ती मदत, हिला तेच अवघड. इंग्रजीत सांगितलेलं तिला कळत होतं. मग सर संध्याकाळी तासभर तिला आणि आणखी दोघांना बसवायला लागले, ऊर्जेची समीकरणं कानडी, इंग्रजी आणि मराठी अशा खिचडीत. तो तास कुठल्या वेळापत्रकात नाही, म्हणून त्याचं बिलही नाही. मी ते 'उपचारात्मक अध्यापन' या शीर्षाखाली बसवून बघितलं. लेखापालांनी शेरा मारला: पूर्वमान्यता नाही.

आणि सरांची नेमणूक एप्रिलपर्यंतच. पुढच्या वर्षी ते असतील की नाही, हे मुलाखतीच्या दिवशी कळेल. ते नसले तर गावाकडच्या ग्रुपवर मेसेज टाकणारा माणूसही नाही, आणि स्पॉट ॲडमिशनच्या दिवशी छापील तक्ता पुन्हा माझ्या टेबलावर.

म्हणून जानेवारीत मी एक प्रस्ताव टाकला, टिपणीच्याच भाषेत. बी.एस्सी.च्या अंतिम वर्षाच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत जत आणि उमदीला एकदा जायचं, जमलं तर विजापूरच्या कॉलेजांतही, आमच्याकडे येऊ शकणाऱ्या मुलांना भेटायला. सोबत कानडी बोलणारा शिक्षक. तिथंच मुलांचे दाखले बघायचे, ज्याचं नॉन-क्रिमी लेयर मार्चमध्ये संपणार त्याला तेव्हाच सांगायचं. वसतिगृहात स्पॉट ॲडमिशनपर्यंत चार कॉट रिकाम्या ठेवायच्या. अर्जात पदवीचं विद्यापीठ परराज्यातलं असेल तर अधिवास उघडून बघितल्याची सही लिपिकाने, म्हणजे मीच, करायची. खर्च म्हणून जीपचं भाडं आणि दुपारचं जेवण लिहिलं. चार कॉटचं बुडणारं उत्पन्न मी मुद्दाम वेगळ्या ओळीत दाखवलं, नाहीतर ते कुणीतरी दाखवणारच होतं.

संस्थेच्या एका संचालकांनी विचारलं म्हणे, की जागा तर दरवर्षी भरतातच, मग जीप कशाला? प्राचार्यांनी फाईलवर हिरव्या शाईत 'चर्चा करावी' असं लिहून ती परत पाठवली आहे. चर्चा पुढच्या गुरुवारी, आणि विभागप्रमुखांनी मला आधीच विचारून ठेवलंय की त्या जीपमध्ये त्यांना जागा आहे का.